डबल घंटीची कॉफी

साहेब, कॅन्टीनमध्ये लोक खातात. तुम्ही आख्खं कॅन्टीनच खाल्लंत.

बसडेपोत पाळी संपवून आलेली माणसं जिथे पाठ टेकायची तो लांब बाक तुम्ही भंगारात घातलात. भिंतींना राखाडी रंग फासलात, दाराला काच बसवलीत आणि ती जागा कॉफीच्या दुकानाला देऊन मोकळे झालात. बरं, दिलीत ती दिलीत. पण जुन्या गाड्या मोडीत काढताना त्यांतल्या घंट्यासुद्धा शोभा म्हणून त्याच दुकानाच्या गळ्यात बांधल्यात, आणि ज्या हातांनी त्या घंट्या जन्मभर वाजवल्या ते हात मात्र ‘अतिरिक्त’ ठरवलेत. घंटी शोभेची आणि माणूस अडगळीचा! हे कुठल्या शाळेत शिकलात? तुमच्या त्या दुकानात शनिवारी काय झालं ते तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे, कारण नेहमीप्रमाणे तुम्ही उशिरा आलात. आधीचं अर्धं आता बसून ऐका.

उस्ताद म्हणजे ड्रायव्हर आणि मास्तर म्हणजे कंडक्टर. डेपोत तसं प्रत्येक ड्रायव्हरला उस्ताद आणि प्रत्येक कंडक्टरला मास्तर म्हणतात, पण या दोघांची जोडी इतकी जुनी, की नुसतं ‘उस्ताद-मास्तर’ म्हटलं तरी हेच दोघे डोळ्यांसमोर येतात. अर्धं आयुष्य एका गाडीवर गेलं. दोघांचं बोलणं घंटीतून. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, तीन म्हणजे गाडी भरली, आता देवाने हात दाखवला तरी थांबू नकोस. नवराबायकोत होत नाही एवढं बोलणं त्या दोरीतून व्हायचं. मास्तर घरून भांडून आला असला की दोन घंट्यांच्या मध्ये एक सुस्कारा मावेल एवढी जागा सुटायची. खुशीत असला की टणटण अशा चिकटून यायच्या. उस्ताद त्यावरून ओळखायचा, आज वहिनींनी डब्यात काहीतरी चांगलं दिलंय.

तोंडाने बोलायचे तेव्हाही एक पद्धत होती. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की मास्तर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर येऊन बसायचा आणि उस्ताद समोरची काच बघत बोलायचा. थोरलीचं लग्न, मेहुण्याचं पिणं, स्वतःची मूळव्याध, सासऱ्याची जमीन, सगळं काचेला सांगितलेलं आणि सगळं मानेने ऐकलेलं. कॅन्टीनमध्ये तो बाक भिंतीला लागून होता, तिथे दोघे शेजारी शेजारी बसायचे, समोर पुन्हा भिंत. अशी मैत्री. जगातल्या लोकांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून काय दिवे लावलेत ते आपण पाहतोच आहोत. यांचं न बघता छान चाललं होतं.

मग तुमच्या नव्या गाड्या आल्या. तिकीट मशीन देणार, दार बटणावर उघडणार, कंडक्टर नको. तुम्ही उस्तादाला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिलीत. तिथेच त्याने ओळखलं, कारण डेपोत खुर्ची मिळते ती वाईट बातमीबरोबर. तुम्ही विचारलंत, सोमवारपासून एकटा गाडी नेशील का? नाही म्हणणाऱ्याला घरी बसावं लागेल, हे तुम्ही म्हणाला नाहीत, फक्त खिडकीबाहेर बघितलंत. थोरली बाळंतपणाला आलेली, धाकट्याचं शिक्षण अर्ध्यात. उस्ताद हो म्हणाला आणि केबिनबाहेर येऊन नळाखाली तोंड धरून उभा राहिला.

आणि तिकडे मास्तर? तो दुसऱ्या दिवशीसुद्धा फाटकापाशी छाती फुगवून सगळ्यांना सांगत होता, “माझा उस्ताद? माझ्या घंटीशिवाय चाक हलवणार नाही तो. साहेबांना पाय धरू देत, लोटांगण घालू देत!”

उस्तादाने घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पीठ मळत होती. तिने हात न थांबवता विचारलं, “भावजींना सांगितलंत?”

“सांगतो.”

“बाहेरून कळायच्या आत सांगा. आणि ते फोनवर नको हां. तोंडावर सांगा.”

“तोंडावर?”

“मग काय पाठीवर सांगणार?”

उस्ताद पाणी प्यायला उठला. कारण खरं उत्तर तेच होतं.

शनिवारी दुपारी पाळी सुटली. मास्तर पिशवी खांद्याला लावून निघाला होता, तेवढ्यात उस्तादाने गाठलं. “चल मास्तर, कॉफी पाजतो.”

“कुठे?”

“आपल्या कॅन्टीनात.”

“त्या काचेच्या पेटीत? मी मेलो तरी तिथे पाय ठेवणार नाही. शपथ घेतलीय मी.”

“मी पाजतोय.”

“मग शपथ उद्यापासून,” मास्तर म्हणाला आणि पुढे चालायला लागला.

दुकानाच्या दाराला कडी नव्हती, मूठ नव्हती. जवळ गेलं की ते आपोआप सरकायचं. उस्ताद आत गेला. मास्तर दारातच थांबला. सगळे चढल्याशिवाय मास्तर चढत नाही, हे त्याच्या हाडात भिनलेलं. मागून समोरच्या बँकेतल्या पोरी आल्या, एक टाय बांधलेला आला, एक म्हातारे गृहस्थ आले. मास्तरने दाराला टेकून हात हलवायला सुरुवात केली. “चला, आत चला, दारात गर्दी नको. पुढे जागा आहे, पुढे सरका. ओ टाय, मध्ये फट सोडू नका.”

आणि साहेब, लोक सरकले! जिथे सैलसर ऐसपैस रांग होती तिथे माणसाला माणूस चिकटला. पुढची मुलगी केकच्या काचेला नाक लावून उभी राहिली. म्हाताऱ्या गृहस्थांनी तर सवयीने खिशातून बसचा पास काढून दाखवला. मास्तरने तो हातात घेऊन नीट बघितला. “पुढच्या महिन्यात संपतोय आजोबा, लक्षात ठेवा,” म्हणाला आणि परत दिला.

गल्ल्यामागे काळा एप्रन बांधलेली एक मुलगी होती. चेहरा हसरा, पण पायांना कळ लागलेल्या माणसाचा. “काय देऊ काका?”

“कॉफी,” उस्ताद म्हणाला.

“कुठली?”

उस्तादाने वर लावलेला फलक बघितला. बसच्या पाट्या तो मैलावरून वाचायचा, पण या फलकावरचं एकही गाव त्याच्या वाटेवर लागलेलं नव्हतं. त्याने आशेने मास्तरकडे बघितलं.

“साधी,” मास्तर म्हणाला.

“साधी नाही काका. काळी आहे, फेसाची आहे, बर्फाची आहे, वरून क्रीमची आहे.”

“म्हणजे सगळ्या भानगडी आहेत, फक्त कॉफी नाही. बरं, फेसाची दे. एक फुल, एक हाफ.”

“हाफ कुणाला?”

“मला. साखर आहे.”

“साखर वेगळी असते काका, टेबलावर ठेवलीय.”

“अगं, अंगात आहे.”

मुलगी हसली आणि कपावर लिहायला पेन काढलं. “नाव?”

“उस्ताद.”

“आणि यांचं?”

“मास्तर.”

तिने निमूटपणे तेच लिहिलं. दिवसभरात याहून चमत्कारिक नावं तिने लिहिली असणार. पैसे आधीच घेतले, ते मात्र मास्तरला मनापासून आवडलं. “हे बरोबर आहे. आधी तिकीट, मग बसणं.”

बसायला गेले तिथे घोडं अडलं. टेबल म्हणजे केवढं? घरातल्या पोळपाटाला उंच पाय लावले असते तर तेवढंच झालं असतं. दोन खुर्च्या समोरासमोर. उस्ताद एका खुर्चीत बसला, मास्तर दुसरीत, गुडघ्याला गुडघा भिडला, आणि अर्ध्या आयुष्यात पहिल्यांदा उस्तादाच्या समोर, ताटात वाढल्यासारखा, मास्तरचा चेहरा आला.

येता जाता बघितलेला होताच की. पण असा मुक्कामाला आलेला चेहरा वेगळा. उस्तादाने डावीकडे बघितलं. मास्तरने उजवीकडे. ती दोन्ही तोंडं एकाच भिंतीकडे वळली आणि भिंतीवरच्या चित्रातली बाई दोघांकडे बघून संकोचली.

“तुझी एक भुवई पांढरी आहे,” शेवटी उस्ताद म्हणाला.

“मग?”

“कधी झाली?”

“केस पांढरा होताना काय दवंडी पिटतो का? झाली.” मास्तरने क्षणभर त्याच्याकडे निरखून बघितलं. “तुझ्या मानेवरचा तीळ मला ठाऊक आहे, कानामागची खोक ठाऊक आहे. पण नाक एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं.”

“नाक पुढच्या बाजूला असतं मास्तर.”

“तेच म्हणतो.”

उस्तादाने मनात वाक्य जुळवलं. वाहतुकीच्या गर्दीत गाडी घुसवणारा माणूस, पण या चार शब्दांना वाट काढता येईना. “मास्तर, एक सांगायचं होतं.”

“सांग ना.”

उस्तादाने वर बघितलं. समोर ती भुवई. “ऊन फार आहे नाही आज.”

“आहे.”

“मास्तर.”

“काय?”

“सावलीत बरं वाटतं.”

मास्तर पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “उस्ताद, खरं सांग. मूळव्याध उलटली का?”

“नाही रे बाबा!” शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कप खाली ठेवला. उस्ताद लाल झाला, आणि त्या रागातच त्याला जोर आला. त्याने डोळे मिटले आणि एका दमात सुरुवात केली, “मास्तर, सोमवारपासून मी...”

टण् टण्.

दोन घंट्या. मधली जागा थोडी जास्त, पण दोन.

उस्तादाचा डावा पाय क्लचवर गेला, म्हणजे मास्तरच्या पंजावर. हात गिअर टाकायला गेला, तो शेजारच्या बाईंच्या पर्सवर. त्यांनी “अगं आई गं!” करून पर्स छातीशी धरली, तोवर उस्ताद उठून निघालासुद्धा होता. दार सरकलं, उस्ताद बाहेर. आता मास्तरने काय करावं? घंटी झाली, गाडी सुटली, आणि मास्तर मागे राहिला असं कधी झालंय का? तोही धावला, एक पाय आत, एक पाय बाहेर असा दाराला लटकला आणि मान बाहेर काढून मागे-पुढे बघायला लागला. दार त्याच्या खांद्यावर आपटलं, मागे गेलं, पुन्हा आपटलं.

फूटपाथवर पोचल्यावर उस्तादाच्या लक्षात आलं, की आपल्या खाली गाडी नाही.

“घंटी का दिलीस?” त्याने वळून विचारलं.

“मी कुठे दिली?”

“मग कुणी दिली?”

दोघांनी एकदमच आत बघितलं. गल्ल्यामागची मुलगी एका हातात दोरी धरून उभी होती. “उस्ताद! मास्तर! दोन कॉफी!”

मास्तर आत गेला तो थेट घंटीपाशी. पितळी घंटी घासूनपुसून लखलखीत केलेली, पण दोरी मूळचीच. मध्ये एके ठिकाणी तुटलेली, तिथे तपकिरी बुटाची नाडी बांधून जोडलेली. ती नाडी मास्तरच्या बुटाची होती. तुटली तेव्हा दिवसभर तो एक बूट फटफट करत तिकिटं फाडत हिंडला होता. त्याने गाठीला हात लावला आणि लगेच काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

मग त्याचा मास्तर जागा झाला. “पोरी, दोन घंट्या का दिल्यास?”

“दोन कप होते काका. एका कपाला एक, दोन कपांना दोन.”

“आणि तीन दिल्या तर?”

“तीन कप.”

“तीन म्हणजे गाडी भरली! चार तर मी उभ्या जन्मात ऐकल्या नाहीत.”

“काल आठ जण एकत्र आले होते,” मुलगी म्हणाली.

मास्तरने गल्ल्याची कड धरली. “आठ दिल्यास?”

“आठ.”

“अरे देवा. कुठे जाऊन थांबली असेल गाडी!”

“मग काय करू काका? मला हेच करायला सांगितलंय.”

“हाक मारायची.”

“मारते ना. कुणी मान वर करत नाही. मोबाईलमध्ये घुसलेले असतात. घंटीला तेवढे दचकतात.”

मान वर न करणारी माणसं मास्तरने काय कमी बघितली होती? त्याने दोन्ही कप उचलले. “वाजव,” म्हणाला, “पण चिकटून वाजव. अशी लांब लांब दिलीस की आजारी वाटते.”

तो टेबलापाशी आला तेव्हा उस्ताद पुन्हा त्या समोरच्या खुर्चीकडे बघत उभा होता, जसा माणूस दात काढणाऱ्याच्या खुर्चीकडे बघतो.

“असं नाही जमायचं,” मास्तर म्हणाला. “तिकडे चल.”

रस्त्याकडच्या काचेला लागून एक लांब फळी होती आणि तिच्यापुढे उंच स्टुलं. मास्तरने उस्तादाला एका स्टुलावर काचेकडे तोंड करून बसवलं. स्वतः खुर्ची ओढत आणली आणि बरोबर त्याच्या पाठीमागे मांडून बसला. उस्तादाच्या समोर रस्ता, मास्तरच्या समोर मान. दोघांनी एकदमच श्वास सोडला.

मघाच्या बाईंनी एप्रनवाल्या मुलीला हळूच विचारलं, “भांडले का गं हे?”

“नाही हो,” मुलगी म्हणाली, “आत्ता कुठे बोलायला लागलेत.”

आणि खरंच, उस्तादाची पाठ सरळ झाली, जीभ सुटली. थोरलीचं पोट फार खाली आलंय म्हणाला. धाकटा कॉलेजात काय शिकतो ते त्यालाच माहीत म्हणाला. फेस मिशीला लागला तो पुसला. समोर रस्त्यावर एका दुधाच्या गाडीने वळण चुकीचं घेतलं, त्या ड्रायव्हरच्या आईबापांचा दोघांनी मिळून थोडक्यात उद्धार केला. मग एका जागी, जिथे नेहमी तो गिअर बदलायचा तसल्या जागी, उस्ताद म्हणाला, “मास्तर, सोमवारपासून नवी गाडी माझ्याकडे आहे. एकट्याकडे. साहेबांनी विचारलं. मी हो म्हणालो.”



उस्ताद हलला नाही. मागून खूण आल्याशिवाय ड्रायव्हरने हलायचं नसतं. समोर सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, परत लाल झाला. मागे चमचा कपात फिरत होता. मास्तर साखर न घातलेली कॉफी ढवळत होता.

“कधी म्हणालास?”

“मंगळवारी.”

“म्हणजे बुधवारी मी फाटकावर सगळ्यांसमोर तुझी आरती ओवाळत होतो, तेव्हा तू मागेच उभा होतास.”

“टायर बघत होतो.”

“टायर बघत होता! टायरात काय तुझा बाप बसला होता?” मास्तरचा आवाज इतका चढला की केकच्या काचेआडचा केकसुद्धा खचला असेल. “अरे, मला विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, हो म्हण म्हणून. घरात अवघडलेली लेक आहे तुझ्या. मला काय कळत नाही? लोकांनी आता मला काय म्हणावं? फाटकावरचा तो झाडूवाला मला काल ‘काय मास्तर, चाक हललं का?’ म्हणून हसला. मला वाटलं त्याला दातच तेवढे आहेत!”

“तुला विचारायला तोंड नव्हतं रे मला.”

“मान होती ना? मान तरी दाखवायची होतीस!”

उस्ताद काचेकडे बघत राहिला. काच धूसर दिसायला लागली, पण वायपर कुठे आहे ते सापडेना.

मास्तरने कॉफीचा घोट घेतला. तोंड वाकडं केलं. मग आवाज खाली आणला. “झालं ते झालं. चालव. पण मला एक सांग. दवाखान्याच्या थांब्यावर ती काठीवाली आजी मागच्या दाराने उतरते. आधी काठी टाकते, मग पिशवी ठेवते, मग स्वतः. पिशवी खाली गेली की सगळ्यांना वाटतं म्हातारी उतरली. ती तेव्हा वरच्या पायरीवर दांडा धरून लोंबकळत असते. तिच्या दोन्ही चपला जमिनीवर बघितल्याशिवाय मी घंटी देत नाही, मागचे कितीही बोंबलू देत. सोमवारी कोण बघणार?”

“आरसा आहे की.”

“अर्ध्या जन्मात त्या आरशातून तुला माझी भुवई दिसली नाही. तिची चप्पल दिसणार?”

आतापर्यंत उस्तादाला मास्तरची भीती होती. ती एकदम निघून गेली आणि तिच्या जागी दुसरीच येऊन बसली, थंडगार. मंगळवारपासून त्याने बायकोचा विचार केला होता, पोरांचा केला होता, मास्तरच्या तोंडाचा केला होता. मागच्या दाराचा विचार त्याने केलाच नव्हता. का करेल? मागच्या दाराचा विचार करायला मास्तर होता. इतकी वर्षं त्याने निम्मी गाडी चालवली होती आणि त्याला वाटत होतं आपण सगळी चालवतो.

आणि साहेब, तेवढ्यात तुम्ही आलात.

दार तुमच्यासाठी सरकलं, मुलगी ताठ उभी राहिली. तुम्ही दोघांना बघितलंत आणि हात पसरलेत. “अरे वा! तुम्हीपण? बघा, मी म्हणत होतो ना, जागा सगळ्यांचीच आहे. पण हे असे मागेपुढे का बसलात? भांडण?”

“नाही साहेब,” मास्तर म्हणाला. “ड्यूटीवर आहोत.”

तुम्ही हसलात. तुमचं हसू तसं चांगलं आहे, कामाला येत नाही एवढंच. मास्तरच्या खांद्यावर, त्याच दुखऱ्या खांद्यावर, हात ठेवलात. “वाईट वाटून घेऊ नका मास्तर. काळ बदलतो. तुमच्यासाठी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बघतोय मी काहीतरी.”

“ठेवा ना साहेब. कुणी खूण पटवून घेऊन गेलं तर जाईन.”

तुम्ही अजून हसलात, कारण तुम्हाला तो विनोद वाटला.

तेव्हा उस्ताद स्टुलावर मागे वळला. गाडी चालवताना ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नसतं, पण तो वळला. “साहेब, सोमवारी मागचं दार कोण बघणार?”

“कॅमेरा आहे उस्ताद. एकदम लेटेस्ट.”

“कॅमेरा दाखवतो साहेब. बघणार कोण?”

“तुमच्या समोर स्क्रीन दिलाय ना.”

“मी स्क्रीन बघणार. मग रस्ता कोण बघणार?”

“अहो, एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे. होते सवय.”

“सरड्याला होते साहेब. मी ड्रायव्हर म्हणून लागलोय.”

मघाच्या बाई आता उघडउघड खुर्ची वळवून ऐकत होत्या. तुम्ही घड्याळ बघितलंत. “दाराला सेन्सर आहे. मध्ये माणूस असला की आपोआप उघडतं.”

“या दाराला पण आहे,” उस्ताद म्हणाला. “मास्तरचा खांदा बघा. आणि हा धडधाकट माणूस आहे. मी काठीवाल्या म्हातारीचं विचारतोय.”

“हे बघा, सोमवारी गाडी निघू दे. मग काय ते बघू.”

“म्हातारी सोमवारीच उतरणार साहेब. तिच्या आधी बघू.”

तुमचं हसू तेव्हा संपलं. “उस्ताद, तुम्ही केबिनमध्ये बसून मला हो म्हणालात.”

“म्हणालो. ज्या तोंडाने म्हणालो त्याच तोंडाने परत घेतो. तुम्ही उत्तर द्या, मी पुन्हा हो म्हणतो.”

मास्तर मागून त्याचा सदरा ओढायला लागला. “उस्ताद, वेडा झालास का? नोकरी जाईल. घरात अवघडलेली लेक आहे.”

“तू गप्प बस,” उस्ताद त्याच्या तोंडावर, त्या पांढऱ्या भुवईकडे सरळ बघून म्हणाला. “फाटकावर माझ्या नावाने शपथा घेत होतास, तेव्हा मला विचारलं होतंस?”

आणि साहेब, तो माणूस, जो तिकिटाशिवाय कुणाला सोडत नाही, तो तुमच्यादेखत इतका लाजला की त्याला कॉफीच्या कपात बघावं लागलं.

तुम्ही काय केलंत? “मीटिंग आहे,” म्हणालात आणि कप घेऊन निघालात. कपावर तुमचं नाव होतं, झाकण होतं, सगळं होतं. उत्तर नव्हतं.

आता सोमवार उजाडलाय. नवी गाडी डेपोच्या फाटकात उभी आहे, धुतलेली, चकचकीत, नव्या प्लास्टिकच्या वासाची. उस्ताद वेळेवर आला, गणवेशाला इस्त्री करून आला. बायकोने निघताना विचारलं, “सांगितलंत का तोंडावर?” तर म्हणाला, “दोघांच्याही.” आता तो स्टेअरिंगवर बसलाय, इंजिन बंद. मास्तरला आज ड्यूटी नाही. तो मशीनमधून तिकीट काढून रीतसर प्रवासी म्हणून आत बसलाय आणि ओरडणाऱ्या लोकांना सांगतोय, “थांबा हो, ड्रायव्हर काहीतरी विचारतोय.” आता लोकही ओरडायचे थांबलेत आणि तुमच्या खिडकीकडे बघतायत. तुम्ही पडदा थोडासा बाजूला केलाय, तो इथून दिसतो.

कुणी संप केलेला नाही. कुणी गाडी बिघडवलेली नाही, काच फोडलेली नाही, तुमच्या नावाने बोंब मारलेली नाही. एका ड्रायव्हरने तुम्हाला एक प्रश्न विचारलाय. पडद्याआडून नको, फोनवरून नको, फाटकावर कागद डकवून नको. खाली या, त्याच्यासमोर उभे राहा आणि तोंडावर सांगा.

साहेब, मागचं दार कोण बघणार?